फर्स्ट इयरला ड्रॉइंग शिकवताना पोरांच्या कागदाला हात लावू नका

मॅडम, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही म्हणता ललित कलेतलं एमएफए झालं, प्राध्यापकीसाठीची सेट परीक्षा झाली, आता मराठवाड्यातल्या एका विद्यापीठाच्या ललित कला विभागात तासिकेवर पहिल्या वर्षाचं ड्रॉइंग-पेंटिंग मिळालंय, आणि वर्गातली पोरं अशी की मोबाईलमधल्या फोटोवरून हिरोचं पोर्ट्रेट पापणीच्या केसासकट उतरवतात पण समोर साधा तांब्या ठेवला की त्याचं गाडगं होतं. सुरुवात कुठून करू आणि करेक्शन किती देऊ, हे तुमचे दोन प्रश्न. मी सव्वीस वर्षं हेच करत आलोय, आधी एटीडीची म्हणजे कलाशिक्षक पदविकेची पोरं, मग बीएफएची, तर जे हाताला लागलं ते सांगतो. सिलॅबसचं काही सांगत नाही, तो तुमच्याकडं छापलेला आहेच.

करेक्शनचं आधी घेतो कारण तिथंच मी सगळ्यात मोठी माती खाल्लीय. नोकरीचं दुसरं वर्ष होतं. बीडकडचं एक लेकरू होतं वर्गात, आईबाप ऊसतोडीला जाणारे, तेही दरवर्षी दिवाळीनंतर गायब व्हायचं आणि कारखाना बंद झाला की उगवायचं. मेमरी ड्रॉइंगला त्यानं बैल काढला होता. मी मागून गेलो, बैल मला एका बाजूला कललेला वाटला, पुढचा एक पाय नुसता टेकवल्यासारखा, अंगात जोर नाही. मी त्याच्या हातातली ६बी पेन्सिल घेतली आणि त्याच्याच कागदावर खांद्यापासून खुरापर्यंत एक जाड, एकदम कॉलेजातली रेघ ओढली, चारी पाय भक्कम, वशिंड ताठ. आजूबाजूची पोरं वा वा करायला लागली. ते गप. मी म्हणलं काय रे, पटलं का? तर म्हणतं, "सर, तुमचं चांगलंच हाय. पर आमचा पवळ्या असा उभा ऱ्हात न्हाई. जू घासून घासून त्याचा खांदा सुजलाय, त्या पायावर तो भारच देत न्हाई."

म्हणजे पोरानं सुजलेल्या खांद्याचा बैल बघून, लक्षात ठेवून, बरोबर काढला होता आणि मी तो पुसून मार्केटयार्डाच्या कॅलेंडरवरचा बैल केला. तेव्हापासून मी पोराच्या कागदावर हात चालवलेला नाही. सांगायचं असेल तर माझ्या खिशात वही असते, त्यात बाजूला काढून दाखवतो, किंवा त्याला उठवून त्याच्या जागेवर मी बसतो, तिथून काय दिसतं ते आधी बघतो आणि मग बोलतो. हे बसणं फार महत्त्वाचं आहे बरं का, आपण उभं राहून वरून बघतो, ते डाँकीवर म्हणजे ड्रॉइंगच्या बुटक्या बाकावर खाली बसलेलं असतं, त्याला दिसणारा तांब्या आणि आपल्याला दिसणारा तांब्या वेगळा असतो आणि आपण त्याची चूक नसलेली चूक काढतो.

आता सुरुवात. ही पोरं कोरी येत नाहीत हे डोक्यात ठेवा. सातवी-आठवीपासून एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिलेली असते, कला संचालनालयाच्या त्या परीक्षांनी खेड्यापाड्यातल्या लेकरांच्या हातात ब्रश दिला हे खरंच, मी स्वतः त्यातूनच आलोय, पण त्या परीक्षेची तयारी करून घेताना क्लासवाले ठरलेली चित्रं पाठ करून घेतात. स्मरणचित्र म्हणलं की पाणवठ्यावरच्या बाया, तिघी, एकीच्या डोक्यावर हंडा, मागं झाड. संकल्पचित्र म्हणलं की तीच वेलबुट्टी. त्यात आता यूट्यूबवरचं बोटानं घासून गुळगुळीत शेडिंग आलं. तर तुमच्यासमोर जे बसलंय त्याचा हात तयार आहे पण तो हात डोळ्याला विचारतच नाही. पहिलं सेमिस्टर या एका कामाला द्या, बाकी सगळं नंतर. आणि त्या मोबाईलवरच्या पोर्ट्रेटची टिंगल करू नका, त्या एका चित्रावर गावात त्याची इज्जत उभी आहे, त्याच्यावर बापानं फी भरलीय.

पहिल्या आठवड्यात मी काचेचा ग्लास घेतो, अर्धा पाण्यानं भरलेला. शेडिंग बंद, खोडरबर बंद. ग्लास हातात धरून डोळ्याच्या रेषेत आणायचा, पाण्याची कड एक सरळ रेघ दिसते. मग हळूहळू खाली न्यायचा, ती रेघ उघडत जाते, आधी बारीक पापणीएवढी, मग आणखी. असं तीनदा-चारदा सगळ्यांना करायला लावतो, नुसतं बघायचं, काढायचं नाही. मग विचारतो, टेबलावर ठेवलेल्या ग्लासचं तोंड जास्त उघडं दिसतं का बूड? वर्गातली निम्मी पोरं तोंड म्हणतात. बूड डोळ्यापासून जास्त खाली, म्हणून बुडाचा गोल जास्त उघडा, पण सगळे बूड सपाट रेघ मारून मोकळे होतात कारण डोक्यात बसलंय की ग्लास टेबलावर सपाट बसतो. हे एकदा त्यांच्या डोळ्यानं पकडलं की तांब्या, घागर, परात, बैलगाडीचं चाक, सगळं सुटतं. दुसरी चूक म्हणजे गोलाची टोकं, तिथं माशाच्या तोंडासारखं टोक काढतात. तिथं मी म्हणतो मुंगी होऊन कडेकडेनं चाला, टोकावर धपकन वळता येतं का बघा.

मग तांब्या. स्टीलचा नको, तो चमकतो आणि पोरं तांब्या सोडून त्यातली ट्यूबलाईट काढत बसतात. घरातला जुना पितळी, काळपट पडलेला आणा. माप घेताना पेन्सिल हात लांब करून धरायची आणि एक डोळा मिटायचा हे सगळ्यांना पाठ असतं, पण कोपर वाकवतात, दर वेळी वेगळं वाकवतात, त्यामुळं माप दर वेळी बदलतं. मी वर्गात फक्त कोपरं बघत फिरतो. तांब्याचं तोंड पोटात किती वेळा बसतं, पोट उंचीत किती वेळा, एवढे दोन आकडे ड्रॉइंगच्या पाटीच्या कोपऱ्यात लिहायचे आणि मग रेघ. आणि खुर्ची काढायची तर खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या पायांमधली भोकं काढायची. निगेटिव्ह स्पेस हा शब्द तीन वर्षं सांगून डोक्यात जात नव्हता, एकदा म्हणलं खिडकीच्या गजांमधून मांजर आत येतंय ती जागा काढा, तर लगेच.

उजेडाचं बघा. उत्तरेची खिडकी आदर्श असते कारण तिथून ऊन सरळ आत येत नाही आणि उजेड दिवसभर फारसा हलत नाही. तुमच्या डिपार्टमेंटला ती असेलच असं नाही, आमच्या खिडक्या पश्चिमेला, दुपारी तीननंतर वर्गात वणवा. आम्ही मांजरपाटाचं धोतर दुहेरी करून खिडकीला बांधलं आणि काम भागलं. बाकी ट्यूबा बंद. खरं सांगतो, लोडशेडिंगच्या काळात लाईट गेली की माझा वर्ग चांगला व्हायचा, एकच खिडकी, एकच सावली, सगळं स्वच्छ. लाईट आली की पोरं हुश्श करायची आणि तांब्याला चार सावल्या फुटायच्या.

टाइमटेबलसाठी मात्र भांडा. क्रेडिट पद्धतीत प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला दोन तास, पंधरा आठवड्यांत तीस तास, हे कागदावर बरोबर आहे, पण ऑफिसवाले ते दोन तास एकेक करून सोमवारी आणि गुरुवारी टाकतात. एका तासात पाटी लावून, कागद चिकटवून, बूड टेकवून डोळा बसेपर्यंत बेल. सलग तीन तास मागा, कमी दिवस चालतील पण तुकडे नकोत. तासिकेवरच्या माणसाचं कोण ऐकतं असं तुम्हाला वाटेल, बरोबर आहे, मलाही एका ठिकाणी आठ महिने मानधनाची वाट बघावी लागलीय, पण टाइमटेबलच्या बाबतीत एचओडी बरेचदा ऐकतात कारण त्यांनाही रिकामी खोली मिळते.

खर्चाचं बोलू. आपल्याकडच्या बऱ्याच लेकरांना विकतचं चारकोल म्हणजे चित्राचा कोळसा, चांगला कागद परवडत नाही आणि ती ते सांगत नाहीत, नुसतं "विसरलो सर" म्हणतात. जालन्याकडं कडवंचीच्या पट्ट्यात द्राक्षबागा आहेत, एप्रिलातल्या खरड छाटणीच्या काड्या बांधावर पडलेल्या असतात. वेलाच्या काडीचं चारकोल हे जगभर नावाजलेलं आहे आणि इथं ते फुकट आहे. काड्या वाळवून साल काढायची, बोटभर तुकडे पत्र्याच्या डब्यात घट्ट भरायचे, झाकणाला एक बारीक छिद्र, आणि उघड्यावर चुलीत ठेवायचा. छिद्रातून धूर यायचा थांबला की काढायचा. डबा पूर्ण गार होईपर्यंत उघडायचा नाही, घाई केली तर हवा लागून आतल्या काड्या पेट घेतात, आमच्या पहिल्या डब्याची राखच झाली. कागदासाठी पोरांना एकदा कागजीपुऱ्याला न्या, दौलताबाद ओलांडून खुलताबादच्या वाटेवर. १३२७ मध्ये तुघलकानं राजधानी दौलताबादला आणली, त्या काळापासून तिथं हातकागद होतो असं सांगतात. लगदा चाळणीवर कसा उचलतात ते पोरांनी एकदा बघितलं की कागदाचा दाणा म्हणजे काय हे मला परत सांगावं लागत नाही. रोजच्या सरावाला मात्र वर्तमानपत्राच्या कागदाचा उरलेला कोरा रोल, प्रेसमधून किलोवर मिळतो, त्याच्यावर मोठ्ठं काढू द्या, हात खांद्यातून हलला पाहिजे.

रंग. पहिल्या वर्षाला चोवीस ट्यूबांचा बॉक्स आणू देऊ नका. यलो ऑकर (मातकट पिवळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), अल्ट्रामरीन (गडद निळा) आणि पांढरा, चारच. काळा अजिबात नाही, कारण सावली म्हणलं की ही पोरं काळा घेतात आणि चित्राला काजळी धरते. अल्ट्रामरीनमध्ये बर्न्ट सिएना घातला की गडद राखाडी मिळतो, तो एकीकडं थंड करता येतो, एकीकडं गरम. आपल्या मुलखाला या चारांत सगळं बसतं, काळी रानं, मार्चमधलं वाळलेलं गवत, बसाल्टच्या भिंती. हिरवा हिरवा म्हणून रडतात, ऑकर आणि अल्ट्रामरीनचा हिरवा मळकट येतो, पण आपल्या बाभळीही तशाच आहेत की. एक दिवस रंग घरी करायला लावा, गेरू, पिवळी माती, दिव्याची काजळी, खडूची पूड. चुना नको, हात भाजतात. डिंक एक भाग, पाणी दोन भाग, रात्रभर भिजवायचा, फडक्यातून गाळायचा, थोडा मध, बुरशी धरू नये म्हणून लवंग तेलाचा थेंब, आणि काचेवर घोटायचं, घोटायचं म्हणजे खरंच अर्धा तास. एवढं घोटल्यावर ती पोरं रंग पाण्यात वाया घालवत नाहीत.

वॉटरकलर एप्रिलमध्ये शिकवायची वेळ आली तर सकाळी साडेसहाला बोलवा. बेचाळीस डिग्रीला पातळ रंगाचा वॉश खाली येईपर्यंत वरची कड वाळलेली असते, पोरगं म्हणतं मला जमत नाही, अरे बाबा तुला नाही, उन्हाला जमत नाहीये. कागद दोन्ही बाजूंनी भिजवून काचेवर टाका, पाण्यात ग्लिसरीनचे दोन-चार थेंब, सुटतो प्रश्न. बाहेर बसून केलेलं चित्र दोन तासांत उठवायचंच, त्यानंतर सावल्या एवढ्या सरकतात की चित्रात दोन सूर्य होतात.

फिगरचं तुम्ही विचारलं नाही पण पुढच्या वर्षी विचाराल. न्यूड मॉडेल आपल्याकडं होणार नाही, त्यावर वाद घालत बसू नका. तालमीतले पैलवान बोलवा. लंगोटावरचा पैलवान म्हणजे खांदा, पाठ, मांडी सगळं उघड, आणि त्यांना स्थिर उभं राहायची लाज नसते. मुलींना आदल्या दिवशी सांगून ठेवा, ज्यांना नको त्यांना दुसरं काम द्या, सक्ती नको. पैसे रोख, त्याच दिवशी, आणि दर वीस मिनिटांनी विश्रांती, पायाखाली खडूनं खूण करून ठेवा म्हणजे परत तिथंच उभा राहतो. एरवी मोंढ्यात जा. पोतं पाठीवर घेतलेला हमाल तीस सेकंदांत तुमच्यासमोरून निघून जातो, तीस सेकंदांत नाक-डोळे काढायला वेळच नसतो, झक मारत कणा आणि भार काढावा लागतो. पहिल्या दिवशी पोरं म्हणतात "सर ते थांबतच न्हाईत." मी म्हणतो ते थांबले तर त्यांची हमाली कोण देणार.

आणि आपल्याकडं वेरूळ आहे. प्लास्टरचे कान-नाक मुंबईहून मागवायचे ते ज्यांच्याकडं वेरूळ नाही त्यांनी. मंगळवार सोडून कधीही जा, पण दुपारी जा. सोळा नंबरचं कैलास पश्चिमेकडं तोंड करून आहे, सकाळी समोरचा भाग सावलीत असतो आणि शाळेच्या सहली सकाळीच येतात, दुपारनंतर ऊन तिरपं येतं आणि प्रत्येक अंगाला कड सुटते. रावण कैलास हलवतोय तो पट घ्या, वीस हातांचा भार खालून वर कसा जातो एवढंच काढायला सांगा, दागिने काढले तर कागद परत. ईझल न्यायचा असेल तर आधी ऑफिसात विचारून घ्या, पाटी आणि पेन्सिलीला सहसा कोणी काही म्हणत नाही.

अजिंठा वेगळा. तो सोमवारी बंद. आत अंधार, फ्लॅश चालत नाही, चालूही नये, डोळा अंधाराला बसायलाच पाच-दहा मिनिटं जातात, तोवर वही उघडायची नाही. एक नंबरच्या लेण्यातला पद्मपाणी, हातात कमळ धरलेला बोधिसत्त्व, सगळ्यांनी कॅलेंडरवर बघितलेला असतो, म्हणून मी त्याचा चेहरा काढू देत नाही. फक्त भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतची एक रेघ, आणि कमळ धरलेला हात. तिथं रेघच गोलाई दाखवते, शेडिंगला कामच उरत नाही, जिथं उठाव दिलाय तिथं बारीक रेषांनी दिलाय, बोटानं घासून नाही. घासूनच शेडिंग होतं असं मानणाऱ्या पोराला हे तिथं उभं करूनच दाखवायला लागतं. आणि हे खडकावरच्या माती-भुशाच्या गिलाव्यावर, वाळलेल्या भिंतीवर केलंय, रंग बहुतेक मातीचेच, निळा तेवढा परदेशातून आलेला, हे ऐकल्यावर गेरू घोटलेली पोरं एकमेकांकडं बघतात. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्यानं १८४४ पासून वर्षानुवर्षं इथं राहून या चित्रांच्या नकला केल्या आणि १८६६ मध्ये लंडनला लागलेल्या आगीत त्यातल्या बहुतेक गेल्या, मग १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जेजे स्कूल ऑफ आर्टच्या आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन आला आणि नव्यानं सगळं सुरू. नक्कल म्हणून तुच्छ मानणाऱ्या थर्ड इयरवाल्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

मोबाईल मी बंद करत नाही, होतही नाही. नियम एकच, जागेवर बसून तीन ड्रॉइंग झाली की मग फोटो. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं होतं आणि कान मागं पळतात, शिवाय हल्लीचे फोन सावलीतला अंधार स्वतःच उजळून टाकतात, हे पोरांना त्यांच्याच तीन ड्रॉइंगशेजारी फोटो ठेवून दाखवलं की पुरतं. उलट एक चांगला उपयोग सांगतो, आपल्याच ड्रॉइंगचा फोटो काढून तो आडवा उलटवायचा, तिरका चेहरा लगेच ओरडतो. आरशात बघायचं जुनं तंत्र आहे, आरसा आता खिशातच असतो.

मार्कांचं शेवटी. सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर पन्नास स्केचेस जन्माला येतात, हे तुम्हाला महिन्याभरात कळेलच. मी पहिल्या दिवसापासून प्रत्येक कागदावर तारीख, जागा आणि वेळ लिहायला लावतो आणि तासाच्या शेवटी सही मारतो. सेमिस्टर संपताना एकेकाचे सगळे कागद जमिनीवर ओळीनं लावायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि मार्क त्या ओळीच्या चालीला द्यायचे, शेवटच्या सुंदर कागदाला नाही. ज्युरीला बाहेरचे सर येतात, ते फिनिश बघतात, त्यांना ती ओळ चालत चालत दाखवा, बरेच ऐकतात, काही ऐकत नाहीत. मागं एका मुलीच्या ओळीत जुलैचा तांब्या आणि मार्चचा तांब्या शेजारी आले, तिचं तिलाच हसू आलं, म्हणाली, "सर, हा जुलैचा जाळून टाकू का?" मी तो मागून घेतला. अजून माझ्या कपाटात आहे, येत्या जुलैत नवी बॅच आली की ग्लासच्या आधी तोच भिंतीला लावणारे.